उंबरठा सोडून अंगठ्यावर

२००४ सालच्या लोकसभा निवडणुकीत देशभरातील असंख्य घरांतील दूरध्वनी खणखणले आणि पलीकडून साक्षात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा आवाज ऐकू आला. संदेश ध्वनिमुद्रित होता. पण ज्या देशात कोपऱ्यावरच्या नगरसेवकाचा आवाज ऐकायला त्याच्या दारात तास-दोन तास तिष्ठावे लागते, तेथे ही नवलाई थोडी नव्हती. कोण्या घरी आजोबांनी रिसीव्हर कानाशी धरून बाकीच्यांना खुणेने गप्प केले असेल. संदेश संपल्यावर ‘सगळे ठीक आहे, पण आमच्या विहिरीच्या पाण्याचे काय?’ असे विचारायला त्यांनी तोंड उघडले असेल, तेव्हा पलीकडे कोणीही नव्हते. ‘फील गुड’ आणि ‘इंडिया शायनिंग’च्या त्या झगमगाटाचा निकाल सर्वांना ठाऊक आहे. १९९९ साली १८२ जागा जिंकणारा भाजप १३८वर आला आणि काँग्रेसने १४५ जागांच्या बळावर सरकार बनवले. पाच वर्षांनी, २००९ साली, लालकृष्ण अडवाणींच्या प्रचारासाठी स्वतंत्र संकेतस्थळ झाले, अडवाणीजी स्वतः ब्लॉग लिहू लागले, इंटरनेटवर त्यांच्या जाहिरातींचा वर्षाव झाला. जागा आणखी घटून ११६ झाल्या.

या दोन पराभवांची आठवण आज कोणी काढत नाही. कारण २०१४ साली चित्र पालटले आणि त्या विजयाचे एक सोयीस्कर भाष्य दोन्ही बाजूंनी स्वीकारले. तथाकथित पुरोगामी म्हणाले, हा विजय मतांचा नाही, समाजमाध्यमांनी घातलेल्या भुरळीचा आहे. आपल्यातील उत्साही मंडळी म्हणाली, अगदी बरोबर, आमच्या ‘आयटी सेल’नेच किल्ला सर केला. पहिल्यांना पराभवाचे कारण आपल्या कर्मात शोधायचे नव्हते, दुसऱ्यांना श्रेय हवे होते. वस्तुस्थिती काय होती? मार्च २०१४अखेर देशातील इंटरनेट जोडण्यांची संख्या सुमारे २५ कोटी होती, तर मतदार ८३ कोटींहून अधिक होते. भाजपला पडलेल्या सुमारे १७ कोटी मतांतील फार मोठा भाग अशा लोकांचा होता, ज्यांनी फेसबुकचे नावही ऐकलेले नसेल. त्या लोकांपर्यंत कोण पोहोचले होते? होळीच्या उन्हात वाड्या-वस्त्या तुडवणारे, हाती मतदार यादीचे एक पान घेऊन त्यातील प्रत्येक नावाला चेहरा देणारे कार्यकर्ते पोहोचले होते. ‘चाय पे चर्चा’ आणि त्रिमितीय सभा यांची वर्णने वृत्तपत्रांत छापून आली. पन्नाप्रमुखाची वही कोणी छापली नाही.

मनात बसलेल्या या गैरसमजाची किंमत आता आपण मोजू लागलो आहोत.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले, डेटा मातीमोल झाला आणि खऱ्या अर्थाने घराघरांत भ्रमणध्वनीचा पडदा उजळला. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत प्रचाराचे केंद्र उंबरठ्यावरून अंगठ्यावर सरकत गेले. पूर्वी कार्यकर्त्याची दिवसाची नोंद ‘आज किती घरे झाली’ अशी असे. आता ‘किती ग्रुपवर टाकले’ अशी असते. अंगठा वर सरकवायला ऊन लागत नाही, कुत्रे अंगावर येत नाही, ‘मागच्या वेळी आला होतात, मग पाच वर्षे कुठे होतात?’ असे कोणी विचारत नाही. सोय आहेच. पण राजकारणात जे सोयीचे असते ते बहुधा कोणाच्या तरी मालकीचे असते.

येथे मालकी कोणाची? फेब्रुवारी २०१४मध्ये फेसबुकने व्हॉट्सअॅप सुमारे १९ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार केला. एवढी रक्कम केवळ निरोप पोहोचवण्याच्या यंत्रणेसाठी कोणी देत नाही. कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोलतो, हे ज्याला समजते त्याला समाजाची वीण समजते. ती वीण हाच माल आहे. कोणत्या वयाच्या, कोणत्या शहरातल्या, कशात रस असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर कोणता मजकूर यावा, हे जाहिरातदाराने निवडायचे आणि पैसे मोजायचे, हा त्यांचा धंदा. साबण विकायचा असो वा उमेदवार, यंत्र एकच. जो मजकूर पाहून माणूस थांबतो, चिडतो, दुसऱ्याला पाठवतो, तो वर येतो; जो वाचून माणूस विचारात पडतो तो खाली जातो. यंत्राला विचारात पडलेला माणूस परवडत नाही, कारण तो त्या वेळात पुढची जाहिरात पाहत नाही.

मार्च २०१८मध्ये केंब्रिज अॅनालिटिका प्रकरण उघडकीस आले, तेव्हा भारताच्या संदर्भातील फेसबुकचे आकडे मुद्दाम पाहण्यासारखे होते. व्यक्तिमत्त्व चाचणीच्या मिषाने बनवलेले ते अॅप भारतात अवघ्या ३३५ जणांनी घेतले होते. त्यांच्या मित्रमंडळींच्या साखळीतून माहिती गेली असण्याची शक्यता असलेले भारतीय होते ५ लाख ६२ हजार ४५५. जगभरचा आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत होता. तीनशे पस्तीस माणसांनी दार उघडले आणि साडेपाच लाखांचे घर उघडे पडले! जुलै २०१९मध्ये अमेरिकी नियामकाने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला; आपल्याकडे केंद्रीय अन्वेषण विभागाने जानेवारी २०२१मध्ये गुन्हा नोंदवला. ज्या साडेपाच लाखांची माहिती गेली असावी, त्यांतल्या कितींना आजही ते माहीत असेल?

या प्रकरणावर आपल्याकडील इंग्रजी विचारवंतांनी लोकशाहीच्या नावाने अश्रू ढाळले. ढाळावेत. पण २००८ साली बराक ओबामांचा प्रचार इंटरनेटवर उभा राहिला, फेसबुकच्या संस्थापकांपैकी एक असलेले ख्रिस ह्यूजेस त्या प्रचारात काम करत होते, तेव्हा हीच लेखणी लोकशाहीच्या पुनर्जन्माची स्तोत्रे लिहीत होती. २०१२च्या प्रचारात ओबामांच्या अॅपनेही समर्थकांच्या मित्रयाद्या घेतल्या. एक फरक होता आणि तो मान्य केला पाहिजे : तेथे अॅप घेणाऱ्याला ते कोणाचे आहे हे ठाऊक होते, केंब्रिज अॅनालिटिकाच्या बाबतीत फसवणूक होती. पण ज्या मित्रांची नावे यादीत गेली, त्यांना दोन्हीकडे कोणी विचारले नव्हते. एका ठिकाणी ते चातुर्य ठरले, दुसऱ्या ठिकाणी पातक. हा दुटप्पीपणा आपल्याला नवा नाही. त्यावर अधिक शाई खर्चण्याचे कारण नाही.

अधिक गंभीर प्रश्न किल्लीचा आहे. ज्याच्या अंगणात आपण सभा भरवतो, त्याच्या फाटकाची किल्ली त्याच्याच कमरेला असते. जानेवारी २०२१मध्ये ट्विटरने अमेरिकेच्या पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षांचे खाते कायमचे बंद केले. डोनाल्ड ट्रम्प यांच्या समर्थकांनी ६ जानेवारीला संसदभवनात जे केले त्याचे समर्थन कोणी शहाणा माणूस करणार नाही. परंतु निर्णय न्यायालयाने घेतला नव्हता, निवडणूक आयोगाने घेतला नव्हता, एका कंपनीने घेतला होता. ऑक्टोबर २०२२मध्ये तीच कंपनी ४४ अब्ज डॉलरला इलॉन मस्क यांच्याकडे गेली आणि महिन्याभरात तेच खाते पुन्हा उघडले. मालक बदलला, न्याय बदलला! नोव्हेंबर २०१८मध्ये ट्विटरचे तत्कालीन प्रमुख जॅक डॉर्सी भारतात येऊन ब्राह्मणी पितृसत्ता चिरडण्याचा फलक हातात धरून छायाचित्र काढून गेले, तेव्हा आपण संतापलो. नव्या मालकाची मते आपल्याला जवळची वाटली म्हणून सुखावणेही तितकेच पोरकटपणाचे आहे. भाडेकरूने मालकाच्या मर्जीवर आनंद मानावा, यात स्वराज्य कोठे आले?

आणि केवळ कंपनीच का? ६ डिसेंबर २०२४ रोजी रोमानियाच्या घटनात्मक न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची संपूर्ण प्रक्रियाच रद्द केली. २४ नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत कॅलिन जॉर्जेस्कू नावाचा, पाहण्यांत मागे असलेला उमेदवार अचानक पहिला आला होता आणि त्यामागे टिकटॉकवरील संघटित प्रचार व परकीय हस्तक्षेप असल्याचे त्या देशाच्या गुप्तवार्ता यंत्रणांचे म्हणणे होते. निर्णय योग्य की अयोग्य, यावर युरोपातच मतभेद झाले. जनतेचा कौल न्यायालयाने पुसावा की नाही, हा प्रश्न अवघड आहेच. पण ज्या देशावर मतदान झाल्यानंतर निवडणूकच रद्द करण्याची वेळ येते, त्या देशाचे काय चुकले असेल याचा विचार आपण करायला नको? २९ जून २०२० रोजी भारताने टिकटॉकसह ५९ चिनी अॅपवर बंदी घातली, तेव्हा ‘नाचगाण्याच्या अॅपला कसले घाबरता’ म्हणून खिल्ली उडवणारे कमी नव्हते. रोमानियातही ते नाचगाण्याचेच अॅप होते.

आता जरा घरात पाहू.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ती माणसे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत गावोगाव फिरणारा हा समाज. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारले गेले. कारण काय, तर मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश भ्रमणध्वनीवरून भागभर पसरले होते. एकेकाळी ज्याच्या झोळीत पसाभर धान्य टाकल्याशिवाय घरची बाई आत वळत नसे, त्या गोसाव्याला पाहून गावाला टोळी दिसली. एका पडद्याने शेकडो वर्षांची ओळख पुसली. दोन वर्षेही लोटली नाहीत तोच, १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांची पोलिसांसमक्ष हत्या झाली. तिच्यामागे अफवेखेरीज आणखी काही होते का, यावर मतांतरे आहेत. चोर आणि मुले पळवणारे आल्याची अफवा त्या भागात पसरली होती, हे मात्र कोणीही नाकारत नाही.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे ठरवले. पाच का आणि तीन का नाही, ते अमेरिकेत ठरले. आणि आपण काय केले? ते संदेश पुढे पाठवणारे कोणी गुंड नव्हते. ‘काळजी घ्या, आपल्या लोकांना कळवा’ असे वर लिहून पाठवणारे सज्जन होते, मातापिता होते. संध्याकाळी देवापुढे दिवा लावणाऱ्या घरांतून ते निघाले होते. हिंदू समाजाच्या साधुसंतांचे प्राण ज्या अफवांच्या वणव्यात गेले, त्या वणव्यात आपल्या घरची एक काडी होती की नाही, हे पाहण्याची तसदी किती कुटुंबांनी घेतली?

ज्यांना हे राजकारणाबाहेरचे वाटते त्यांनी २०२४ आठवावे. एप्रिलच्या अखेरीस गृहमंत्री अमित शहा यांची एक चित्रफीत वाऱ्यासारखी पसरली. अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीयांचे आरक्षण काढून घेण्याची भाषा ते करत आहेत, असे तीत ऐकू येत होते. मूळ भाषण एप्रिल २०२३मधील, तेलंगणातील चेवेल्ला येथील होते आणि ते मुस्लिम आरक्षणाबद्दल होते. चित्रफीत कापून जोडलेली होती. गुन्हे नोंदले गेले, अटका झाल्या, खुलासे प्रसिद्ध झाले. पण खुलासा आला तोही त्याच पडद्यावर, त्याच रांगेत, हास्यचित्र आणि सुप्रभाताच्या मध्ये. मार्चमध्ये कर्नाटकातील भाजपच्याच एका खासदाराने राज्यघटना बदलण्यासाठी मोठे बहुमत हवे, असे बेजबाबदार विधान केले होते. पक्षाने ते झटकले, त्यांना उमेदवारीही दिली नाही. पण वस्तीतल्या माणसाने दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या. ‘संविधान बदलणार’ ही भीती महाराष्ट्रात दलित वस्त्यांत शिरली आणि लोकसभेत भाजपच्या जागा २३वरून ९वर आल्या. ही भीती खोटी होती, हे सांगायला त्या वस्त्यांत आपला कोण माणूस होता? ज्या घरात चार वर्षांत कोणी चहा प्यायला गेले नाही, त्या घराने आपल्या खुलाशावर विश्वास का ठेवावा?

त्यानंतर नोव्हेंबरमधील विधानसभेपर्यंत राज्यात लहान लहान बैठका झाल्या. दहा-वीस माणसांच्या, घराच्या ओसरीवर, सोसायटीच्या गच्चीवर, समाजमंदिरात. त्यांत प्रश्न विचारले गेले, काही तिखट विचारले गेले आणि उत्तर देणारा समोर बसलेला होता. भाजपला १३२ जागा मिळाल्या. लाडकी बहीण योजनेचा या यशातील वाटा नाकारण्याचे कारण नाही, विरोधकांच्या गाफीलपणाचाही होता. पण ज्यांनी त्या बैठका घेतल्या, त्यांना विचारा : जूनमध्ये नुसत्या संदेशांनी जे फिरले नाही, ते समोरासमोर कसे फिरले.

मात्र त्याच निवडणुकीत मतदानाच्या आदल्या संध्याकाळी विरोधी नेत्यांच्या नावे काही ध्वनिफिती प्रसृत झाल्या. त्या आपल्या नाहीत, बनावट आहेत, असे त्या नेत्यांनी सांगितले, सुप्रिया सुळे यांनी तक्रारही केली. आपल्याकडील किती जणांनी पडताळणीची वाट पाहिली? आवाज ओळखीचा वाटला, मजकूर मनासारखा होता, अंगठा पुढे सरकला. शहांची चित्रफीत कापणाऱ्यांना आपण जे विशेषण लावले, ते लावण्याचा अधिकार अशा वेळी उरत नाही. आणि आता तर यंत्राला कोणाचाही आवाज काढता येतो. जानेवारी २०२४मध्ये तामिळनाडूत द्रमुकच्या मंडळींच्या कार्यक्रमात २०१८ साली दिवंगत झालेले करुणानिधी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पडद्यावर अवतरले आणि पुत्राच्या कारभाराचे कौतुक करून गेले. श्राद्धपक्षाची टवाळी करण्यात ज्या चळवळीची हयात गेली, तिने अखेर पितरांना प्रचारात उतरवले! हसू येते खरे. पण उद्या आपल्या दिवंगत नेत्याच्या तोंडी कोणी काय घालील याची कल्पना केली की ते मावळते.

यावर कायदा नाही का? आहे आणि नाही. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३मध्येच उमेदवाराने आपली समाजमाध्यमांवरील खाती जाहीर करावीत, तेथील जाहिरातींचा खर्च हिशेबात धरावा, असे निर्देश दिले. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाखांची मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. आणि जी पाने ना पक्षाच्या नावे असतात ना उमेदवाराच्या, ज्यांना मालकाचे नाव नसते पण पैसा मुबलक असतो, त्यांचा खर्च कोणाच्या खाती मांडायचा? १ एप्रिल २०१९ रोजी फेसबुकने काँग्रेसच्या आयटी विभागाशी संबंधित व्यक्तींची ६८७ पाने व खाती काढून टाकली; त्याच दिवशी भाजपच्या बाजूने लिहिणारी, एका आयटी कंपनीशी जोडलेली पानेही काढली. दोन्ही बाजूंची ही भुताटकी आपल्या आयोगाने नव्हे, कंपनीने हुडकली. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. मतदार यादीत दूरध्वनी क्रमांक नसतो. तरीही मतदानाच्या दिवशी आपल्याला आपल्या नावानिशी, केंद्रासह संदेश येतो. तो क्रमांक कोणी, कोठून, कोणाच्या संमतीने जोडला? हा प्रश्न मतदाराने सर्व पक्षांना विचारावा आणि आपल्या विचाराच्या पक्षाला सर्वांत आधी विचारावा.

स्वदेशी पर्यायाचे काय, असे कोणी म्हणेल. २०२१च्या फेब्रुवारीत सरकार आणि ट्विटर यांच्यात खटका उडाला, तेव्हा ‘कू’ या भारतीय मंचावर आपल्या मंडळींची झुंबड उडाली होती. घोषणा झाल्या, खाती उघडली गेली. मग टाळ्या जिकडे मिळतात तिकडे सारे परतले आणि जुलै २०२४मध्ये ‘कू’ बंद पडले. भांडवल आटले हे खरे. पण वाचकही आटले होते, हे त्याहून खरे. त्याच देशाने २०१६पासून यूपीआयच्या रूपाने पैशाचा व्यवहार स्वतःच्या यंत्रणेवर उभा करून दाखवला. भाजीवालीच्या टोपलीवर आज तो चौकोन दिसतो. पैसा स्वदेशी यंत्रणेवरून जाऊ शकतो, तर शब्द का जाऊ नये? अडचण तंत्रज्ञानाची नसून आपल्या सवयीची आहे.

यंत्राला शिव्या घालण्यासाठी हा लेख नाही. टिळकांनी छापखाना परका म्हणून टाकला नाही, ‘केसरी’ काढला. पण ‘केसरी’ गावात पारावर मोठ्याने वाचला जाई, ऐकणारे वाद घालत, आणि १८९३पासून त्याच माणसांना एकत्र बसवणारा सार्वजनिक उत्सवही उभा राहिला. आणीबाणीत तर साधनेच हिरावली गेली होती. वृत्तपत्रांवर सेन्सॉर, आकाशवाणी सरकारची, ४ जुलै १९७५पासून संघावर बंदी. सायक्लोस्टाइल केलेली पत्रके पिशवीत भाजीखाली दडवून घरोघर गेली आणि मार्च १९७७मध्ये रायबरेलीत इंदिरा गांधी पराभूत झाल्या. त्या पत्रकावर विश्वास का बसला? छपाई अस्पष्ट होती, कागद हलका होता. पण ते आणून देणारा तुरुंगात जाण्याची जोखीम पत्करून आला होता, आणि त्याच्या आईला घरातले सगळे ओळखत होते.

जानेवारी २०२४मध्ये अयोध्येच्या अक्षता घरोघर गेल्या, तेव्हा निमंत्रण संदेशाने पाठवता आले नसते का? क्षणार्धात पोहोचले असते. परंतु कार्यकर्ते जिने चढले. ज्या दारी अक्षता द्यायला गेले, तेथे कोणाचा मुलगा परदेशी गेल्याचे कळले, कोणाच्या घरी आजारपण असल्याचे दिसले, कोणी पाणी विचारले, कोणी ‘मंदिर झाले, आता शाळेचे बघा’ असेही सुनावले. या सुनावण्याची नोंद कोणत्याही यंत्रात होत नाही. २०२५च्या विजयादशमीला संघाने शंभर वर्षे पूर्ण केली, तेव्हा शताब्दीच्या कार्यक्रमांतही गृहसंपर्काला स्थान दिले गेले, ते काही भ्रमणध्वनीचा शोध लागल्याचे ठाऊक नव्हते म्हणून नव्हे.

तेव्हा प्रत्येक बूथवरील कार्यकर्त्याने दोन आकडे शेजारी शेजारी लिहून काढावेत. आपण किती ग्रुपांत आहोत, हा पहिला. आपल्या यादीतील किती घरांत, निवडणूक नसताना, गेल्या वर्षभरात चप्पल काढून आत जाऊन बसलो, हा दुसरा. आणि पुढच्या बैठकीत ही वही पहिल्या आकड्यावर हात न ठेवता सर्वांसमोर उघडावी.